डाव्या दाराचा पोचा

दि. ६ जानेवारी

चि. धाकटीस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन असताना हा म्हातारा कागद कशाला खरडतो, म्हणून तू कपाळाला आठ्या घातल्या असशील. कारण साधं आहे. फोन चिऊच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर आहे आणि तुझ्याशी जे बोलायचं ते लेकीच्या कानावर पडू द्यायचं नाही. शिवाय चाळीस वर्षं पोरांना पत्रलेखन शिकवलं, तेव्हा हात अजून वळवळतो.

जावईबापूंना जाऊन आज तीन महिने झाले. चिऊ खाली उतरत नाही. जेवण वर नेतो, निम्मं परत येतं. उजवा हात शालीखाली असतो. अपघातात गाडीच्या स्टिअरिंगच्या चाकात अडकून त्या हाताच्या शिरा तुटल्या, एकदा शिवल्या, पण बोटं आता पक्ष्याच्या पायासारखी आत वळत चालली आहेत. तुझ्या गावातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेला चौदा मार्चची तारीख दिली हे तू कळवलंस. इथल्या डॉक्टरांचं म्हणणं, ती चुकली तर बोटं तशीच राहतील, मग कुणीही काही करू शकणार नाही. धाकटे, कपाच्या कडेवर श्वास न घेता रेघ ओढणारा हात तो. जावईबापूंनी कप भाजायचे आणि हिने रंगवायचे, असा त्यांचा संसार.

पण सव्वाशे किलोमीटर यायचं कसं? रुग्णवाहिका दोनदा दारात आली. दोन्ही वेळा ती पायरीपर्यंत गेली, मग अंग लाकडासारखं झालं, ओकारी झाली. दुसऱ्या वेळी चालकच म्हणाला की काका, नका हो, माझ्यानं बघवत नाही.

आता काल घडलं ते सांगतो. अपघातातली गाडी पोलिसांनी परत दिली, ती महिनाभर अंगणात ताडपत्रीखाली आहे. भंगारवाला ती न्यायला आला. साखळी लावतो तोच चिऊ तरातरा खाली आली, अनवाणी. गाडीपुढे उभी राहिली आणि म्हणाली की ही कुठे जाणार नाही. एवढंच. आणि परत वर. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा अंगणात आली, तीही कुणासाठी, तर त्या गाडीसाठी!

मी सकाळपासून गाडीभोवती घिरट्या घालतो आहे. तिला भीती गाडीची वाटते ना? मग ही गाडी गाडीच राहिली नाही तर? भट्टीच्या मागे जावईबापूंची अकरा खोकी आहेत. चिरलेले, वाकडे, रंग पसरलेले कप. विकता येत नव्हते आणि टाकवत नव्हते. त्यांचे तुकडे करून सगळ्या गाडीला लावीन. चाकांवरची बाग होईल. बागेत बसायला कोण घाबरतं? आणि त्या बागेतून तिला तुझ्याकडे आणीन.

हसू नकोस. हसलीस तरी पत्रात लिहू नकोस.

तुझा लोभ आहेच; थोडा धीरही पाठव.
दादा


दि. ११ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हसले नाही. चांगली दहा मिनिटं रडले आणि मग मला तुझा राग आला.

दादा, तू सत्तरीचा झालास तरी अजून कवितेच्या तासालाच बसला आहेस. मी सात वर्षांची असताना माझ्या अंगात ताप होता आणि तू उशाशी बसून चांदण्याचं वर्णन वाचून दाखवत होतास, आठवतं? औषध शेवटी शेजारच्या काकूंनी आणलं. लेकीचा हात वाळत चालला आहे आणि तू गाडीला कप चिकटवणार! आमचे हे तुझं पत्र वाचून गप्प बसले. ते गप्प बसले की समजावं, फारच झालं.

मी काल डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले की तारीख पुढे सरकणार नाही, पंधरा मार्चला ते वर्षभरासाठी परदेशी जातात, आणि असा हात उघडणारा या भागात दुसरा कुणी नाही. त्यांनीच सुचवलं की झोपेच्या गोळ्या द्या आणि निजलेल्या अवस्थेत आणा. तुमच्या डॉक्टरांना त्यांनी चिठ्ठी लिहिली आहे, ती सोबत जोडते. दादा, ऐक माझं. तिला फसवायचं तर फसव. हात बरा झाला की ती विसरेल. रागावली तर माझ्यावर घाल, म्हणावं आत्यानं सांगितलं.

बाग कर, नाही म्हणत नाही. तेवढाच तुझा वेळ जाईल. पण गोळ्या घरात आणून ठेव.

दमा वर आला असेल तर कळव. मी इथे शिवणयंत्रावर बसते आणि सुई कुठे चालली आहे ते कळत नाही, अशी गत आहे.

रागावले आहे तरी तुझीच,
धाकटी


दि. ३० जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बोलणी पोचली. गोळ्या आणल्या. टेबलाच्या खणात, चष्म्याच्या घराखाली आहेत. तो खण उघडावा लागू नये, म्हणून चष्मा आता डोक्यावरच ठेवतो.

काम जोरात आहे. मोटार दुरुस्तीवाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. पन्नाशीचा झाला, पण मला तो शेवटच्या बाकावरचा म्हणूनच आठवतो, आणि त्या नावाने हाक मारली तर ओ देतो. या माणसाने शाळेत एकदाही गृहपाठ केला नाही आणि एकदाही थाप मारली नाही. का केला नाही म्हटलं की सरळ सांगायचा की कंटाळा आला. आता इंजिन पोटाशी धरून तो मला शिकवतो आणि मी गृहपाठ करतो. सिमेंटने तुकडे लावायला निघालो होतो. तो म्हणाला की सर, रस्त्यावर गाडी हादरते, तुमची कविता पहिल्याच खड्ड्यात गळून पडेल. गाडीच्या काचेला लावतात तो रबरासारखा गोंद त्याने आणून दिला. दाराच्या फटीपासून बोटभर जागा सोडायची, दिवे, आरसे आणि नंबराची पाटी झाकायची नाही, आणि टपावर बेतानेच, कारण दोन माणसं बसल्याएवढं वजन आधीच वाढलं आहे. एवढी ताकीद मी मुख्याध्यापकांचीसुद्धा ऐकली नव्हती.

डावी बाजू मात्र वाईट होती. पुढच्या दारापासून मागपर्यंत परातीएवढा खोल पोचा. धाकटे, जावईबापू तिथे बसले होते. त्या खड्ड्याकडे मला बघवेना. मी शेवटच्या बाकाला म्हटलं की हे असं बुजव की हाताला सुद्धा लागू नये. तो मान खाजवत राहिला. म्हणाला की सर, ताईंना एकदा विचारायचं का? मी दटावलं, त्यांच्यापुढे या विषयाचा शब्द काढायचा नाही. मग त्याने निमूटपणे पत्रा ठोकला, लांबी म्हणजे ती पुट्टी भरली, घासली. आता दार आरशासारखं सपाट आहे.

आणि रंग! कपाच्या कडांचे निळे तुकडे मी बॉनेटवर लाटांसारखे ओळीने लावले. कपांच्या कानांची टपावर रांग केली. बुडाचे गोल दिव्यांभोवती. प्रत्येक बुडावर जावईबापूंच्या अंगठ्याचा ठसा आहे, ओल्या मातीत ते असा अंगठा दाबायचे, तीच त्यांची सही. डाव्या दारावर सगळ्यात सुंदर तुकडे ठेवले आहेत, चिऊने रंगवलेली पांढरी फुलं. रोज सकाळी फडक्यात कप गुंडाळतो आणि हातोडी घालतो. पहिला फोडताना डोळे मिटले होते. आता ओळ सुचावी तसा तुकडा हातात येतो.

चिऊ तशीच आहे. काल तिची वेणी घालायला बसलो, तीनदा सुटली.

इथली धूळ तुझ्यापर्यंत न पोचो. माया मात्र पोचावी.
दादा


दि. ५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दीड पान रंग, आणि शेवटी लेकीबद्दल दोन ओळी. शाळेत असा निबंध आला असता तर तू लाल शाईने काय लिहिलं असतंस?

वेणी सुटते कारण तू केस ओले असताना घालतोस. कोरडे होऊ दे, तीन पदर सारखे घे, आणि सुरुवातीला घट्ट ओढ. ती ओय म्हणेल. म्हणू दे. ओय म्हणाली तरी पुष्कळ झालं.

मला एक सांग. तिने ती गाडी पाहिली का? खिडकीतून तरी? हातोडीचा आवाज तिच्या खोलीत जातो ना? त्यावर ती काय म्हणते? तुझ्या पत्रात शेवटचा बाक बोलतो, तू बोलतोस, फुटके कपसुद्धा बोलतात, फक्त चिऊ बोलत नाही. तिच्या नवऱ्याच्या हातचे कप आहेत रे ते. विचारलंस का तिला?

इस्पितळातली खोली मी ठरवली आहे. तेरा तारखेला दुपारी हजर व्हायचं. मी रोज कॅलेंडरवर फुली मारते आणि हे म्हणतात की अगं, भिंतीला भोक पडेल.

गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घे. तुझा अंदाज मला माहीत आहे, तू मीठसुद्धा कवितेत घालतोस.

तुझ्या खोकल्याची चौकशी तुलाच करायला सांगणारी,
धाकटी


दि. २१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज अक्षर वाकडं येईल, सांभाळून घे.

सोमवारी गाडी पुरी झाली. वाहन कार्यालयातला तपासनीस आला, दोन प्रदक्षिणा घातल्या, दिवे लावून पाहिले. फॉर्मवर रंगाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं की पहाटेचं आभाळ आणि त्यात विखुरलेली फुलं. त्याने लिहिलं, मिश्र. शेवटचा बाक इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. शिक्का मिळाला. आम्ही गल्लीतून एक फेरी मारली. माणसं दारात आली, कुणी हात लावून पाहिलं. एकच कान गळून पडला. मला वाटलं, आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिऊला म्हटलं की एकदा खिडकीशी ये. ती खालीच आली. गाडीकडे बघत राहिली. बॉनेटवर डावा हात फिरवला. एका बुडावरच्या अंगठ्यावर तिने आपला अंगठा ठेवला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती वळसा घालून डाव्या बाजूला गेली. दारावरून हात फिरवायला लागली, वर, खाली, परत वर. आंधळ्याने भिंत चाचपावी तसा. मग मला विचारलं, कुठे आहे?

आणि धाकटे, मी मूर्ख, मी अभिमानाने सांगितलं की आता शोधूनही सापडायचा नाही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली की बाबा, ते शेवटचे तिथे होते. मी ही गाडी ठेवून घेतली ती तेवढ्यासाठी. आणि वर जाऊन कडी लावली.

आज तिसरा दिवस. ताट दाराबाहेर तसंच. मी दाराशी बसून माफी मागितली. एकवीस दिवस उरले, मग काय करू? दुपारी खण उघडला. गोळ्या मोजून दुधात घातल्या, चमच्याने ढवळल्या. ढवळताना मला तिचं लहानपण आठवेना की कवितेची ओळ आठवेना. हाक मारली. काय कळलं कुणास ठाऊक, तिने दार उघडलं. पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला आयुष्यात कधी खोटं चेहऱ्यावर लपवता आलं नाही. ती शांतपणे म्हणाली की द्या, पिते. पण जाग येईल तेव्हा मला बाबा पण नसतील.

मी दूध मोरीत ओतलं. उरलेल्या गोळ्यासुद्धा.

आता माझ्याकडे काही नाही. गोळ्या नाहीत, गाडी आहे पण तिच्याकडे ती बघणार नाही, आणि जन्मभर पाठ केलेल्या ओळींतली एकही मदतीला येत नाही. बाप म्हणून मला नापास कर, पण काही सुचत असेल तर लिही. वेळ नाही.

दादा


दि. २४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू देत. पत्र टपालात न टाकता हातोहात पाठवते आहे, यांचे मित्र तिकडे निघाले आहेत.

तुला एक गोष्ट सांगते, जी मी पंचावन्न वर्षं सांगितली नाही. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. स्वयंपाकघरात ती भिंतीला डोकं टेकून बसायची, तिच्या केसांच्या तेलाचा डाग त्या भिंतीवर पडला होता. मी तिथे जाऊन नाक लावायची. चौथ्या दिवशी शाळेतून आले तर तू भिंत पांढरी केली होतीस. हातात कुंचला, नाकावर चुना, आणि मला म्हणालास की बघ कशी चांदण्यासारखी झाली. मला वाईट वाटू नये म्हणूनच केलंस, ते मला तेव्हाही कळलं होतं. म्हणून बोलले नाही. पण दादा, मी कितीतरी दिवस नखाने तो चुना खरवडत होते. खालचा डाग मिळालाच नाही.

तू वाईट नाहीस रे. तुला दुःख उघडं बघवत नाही, म्हणून दिसलं की तू त्याच्यावर काहीतरी छान घालतोस. माझ्यावर घातलंस, आता लेकीवर घातलंस.

उपाय मला माहीत नाही. तिचा हात वाचेल की नाही, तेही माहीत नाही. पण ते दार फोड. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, तू स्वतः फोड, तिच्या खिडकीखाली, भर दिवसा. तुझी सुंदर फुलं तुझ्या हाताने काढ. ती आली तर आली. नाही आली तरी तेवढं तिचं तिला परत दे.

आणि फोडताना तिला काही म्हणून दाखवू नकोस.

मी तुझ्यावर कधीच रागावले नव्हते, हे आधी सांगायला हवं होतं.
धाकटी


दि. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी नमस्कारसुद्धा. वयाने लहान असलीस तरी घे.

पत्र आणणारे वाटेत अडकले, म्हणून तुझं पत्र दोन तारखेला हाती आलं; वाचलं आणि तासभर भिंतीकडे बघत बसलो. मग छिन्नी घेतली.

मी पत्र्यावरची नाजूक कामं कधी केली नाहीत. फुलं निघाली, कारण गोंद रबरासारखा, सुरीने सोलता येतो. पण खालची लांबी दगड झाली होती. पहिल्या दिवशी वीतभर निघाली आणि माझं नख गेलं. शेवटचा बाक आला, कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. म्हणाला की सर, हे मी आठ दिवस घासलं होतं. मी म्हटलं, माहीत आहे. तो हत्यार घ्यायला लागला, तेव्हा मी त्याला मागे सारलं.

तीन दिवस वरची खिडकी बंद होती. चौथ्या दिवशी, पाच तारखेला दुपारी, मागे सावली पडली. चिऊ म्हणाली की तिथे नाही, आणखी मागे, तिथे जास्त खोल होता. मी मागे सरकलो. तिने डाव्या हातात हातोडी घेतली, मी छिन्नी धरली. दोनदा माझ्या मुठीवर बसली. मी ओय म्हणालो. बऱ्याच दिवसांनी तिच्या ओठाचा कोपरा हलला.

संध्याकाळपर्यंत पोचा बराचसा उघडा झाला. ठोकून वर आणलेला भाग सोडला तर दुमडलेल्या कडा, खरचटलेला जुना रंग, सगळं होतं. ती जमिनीवर बसली आणि पत्र्याला टेकली. मग सांगायला लागली.

डावीकडच्या गल्लीतून ट्रक न थांबता आला. तिचा डावा हात गिअरवर होता. चाकावर एकटा उजवा. त्या हाताने चाक आपल्याकडे ओढलं. त्यामुळे जावईबापूंची बाजू पुढे आली, असं ती म्हणते. हाताने मला वाचवलं आणि त्यांना ढकललं, बाबा. म्हणून तो बरा व्हायला नको आहे मला. गाडीला मी घाबरते, ते खरंच. पण गाडीत बसता आलं नाही तर हात असाच राहील, हे मला बरंच वाटत होतं.

ऐकलंस, धाकटे? मी गाडीला फुलं लावत होतो आणि ती आपल्या हाताला शिक्षा देत होती.

माझ्या जिभेवर शंभर वाक्यं आली. सगळी चांगली, सगळी खोटी. मी गप्प बसलो. तुला पटणार नाही, पण मी पूर्ण गप्प बसलो.

बोलला तो शेवटचा बाक. हत्यारं पुसता पुसता म्हणाला की ताई, असं झालेलं नाही. ती उसळली, सांत्वन नको म्हणाली. त्याने सांगितलं की मला ते येतच नाही, सरांना विचारा. मग तो उकिडवा बसला आणि पोच्याच्या कडांवर बोट फिरवून दाखवायला लागला. चाक वळलं नसतं तर ट्रक पुढच्या कोपऱ्यावर, इंजिनावर बसला असता आणि इंजिन तुमच्या दोघांच्या मांडीवर आलं असतं. वळलं, म्हणून घाव मागे सरकला. बघा, ओरखडे पुढून मागे गेले आहेत, खोल टोक मागे आहे. तुमचा हात त्यांनाही बाहेरच काढत होता. आणखी हातभर जागा मिळती तर ट्रक मागच्या चाकाला घासून गेला असता. ती मिळाली नाही. तीस वर्षं असे पत्रे बघतो आहे. सरांनी बोलू नको म्हटलं म्हणून बोललो नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी दाखवलं असतं.

म्हणजे ती रोज स्वतःला जे विचारत होती त्याचं उत्तर त्या दारावर लिहिलेलं होतं, आणि मी ते लांबीने पुसायला लावलं.

चिऊ पुढे सरकली. ते परत दाखवा म्हणाली. त्याने परत दाखवलं. तिने शालीतून उजवा हात काढला आणि ती वाकडी बोटं त्या ओरखड्यांवरून पुढून मागे नेली. खूप वेळ. मी उठून आत गेलो, कारण मला तिथे बघवत नव्हतं आणि या वेळी झाकायलाही काही नव्हतं.

परवा सकाळी तिने आपल्या अटी सांगितल्या. पोचा उघडा राहील. त्याच्याभोवती फुलं परत लावायची नाहीत. पुढची डावी जागा रिकामी राहील, ती मागे बसेल. शेवटचा बाक चालवेल. मी तिच्या शेजारी बसायचं आणि वाटेत एकही कविता म्हणायची नाही.

काल गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिने माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहेत. टोकाशी ती म्हणाली, थांबवा. उतरली, ओकली, रस्त्याच्या कडेला बसली. आज परत बसली, तेव्हा चौकाच्या पुढे एक फर्लांग गेलो. मग परत तेच. सव्वाशे किलोमीटर आहेत, धाकटे, आणि चार दिवस. तेराला पहाटे निघायचं असं तीच म्हणते आहे. गल्लीपाशी परतावं लागलं तर परतू, पण झोपवून आणणार नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवतो.

दुपारपर्यंत दारात निळं काही थांबलेलं दिसलं तर आम्हीच. नाही दिसलं तर मला फोन करू नकोस.

दादा


दि. ४ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर बालवाडीतलं. लाल शाई काढू नका.

तुम्हाला परत जाऊन तीन आठवडे होतील. आत्या रोज म्हणते की तुझ्या बापाने वाटेत कविता म्हटली नाही यावर माझा विश्वास नाही. मी तिला सांगितलं की आपण सतरा वेळा थांबलो, आणि सतराही वेळा तुम्ही माझ्यासमोर पाण्याची बाटली धरून मुकाट्याने उभे होतात. तरी तिला पटत नाही. शेवटच्या थांब्याला तुमचे ओठ हलत होते, ते मी तिला सांगितलेलं नाही.

टाके काल काढले. डॉक्टरांनी जायच्या आधी त्यांच्या मदतनीस बाईंना व्यायाम लिहून दिला आहे. अंगठा आणि दोन बोटं उघडतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उघडेल की नाही, ते कुणी सांगत नाही. बारीक रेघ परत येईल का असं मी विचारलं, तर त्या बाई म्हणाल्या की आधी बटण लावून दाखवा. आत्याने लगेच बटणांचा डबा पुढे ठेवला.

शेवटच्या बाकाने जे दाखवलं ते मी रोज मनात करून बघते. एक दिवस खरं वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटत नाही. तो थाप मारत नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून अजून बघते आहे.

ते नाहीत, हे मात्र रोज खरं असतं. इथे खिडकीतून रस्ता दिसतो आणि प्रत्येक ट्रकला माझे दात आवळतात. आत्या शिवणयंत्र थांबवते, ट्रक गेला की परत चालू करते. काही बोलत नाही. तुम्ही दोघं बहीणभाऊ गप्प बसायला कधी शिकलात?

या हाताशी मी अजून बोलत नाही, बाबा. व्यायाम करून घेते, औषध लावते, पण ते परक्या माणसाचं करावं तसं. आज सकाळी जाग आली तर झोपेत त्याने पांघरुणाचं टोक धरून ठेवलं होतं. मी सोडवलं नाही.

वीस तारखेला न्यायला या. आत्या बसने सोडते म्हणाली, मी नको म्हटलं.

तुमच्या मायेला उतराई होण्याचं माझ्या मनात नाही. ती अशीच चालू ठेवा.
चिऊ